नीट उभं राहता न येणारी लक्झरी

मंडळी, गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. पुण्यात नव्हतोच. आरमोरीला घरी होतो. आईच्या डाव्या मनगटाला प्लास्टर, स्वयंपाकघरात मी (पोळ्या कसल्या, नकाशे!) आणि डोक्यात राग. तो राग आता थोडा निवलाय, वहीतली आकडेमोड पूर्ण झालीय, म्हणून लिहायला बसलोय.

विषय आहे शोकेस. हो हो, तीच. हॉलमधली, काचेची, आत दिवे लागणारी, पाहुण्यांची मान आपोआप वळवणारी. हसू नका. हा विषय हसण्यासारखा नाही हे मलाही महिनाभरापूर्वी माहीत नव्हतं.

आधी काय झालं ते सांगतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले तेव्हा आम्ही आरमोरीतलं जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. हॉलसाठी "काहीतरी चांगलं" माझ्याकडून, असं मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोराने एवढं तरी करावं ना. नागपूरच्या एका भल्यामोठ्या शोरूममधून शोकेस घेतली. (नाव सांगणार नाही. प्रश्न एका दुकानाचा असता तर तिथेच भांडून मोकळा झालो असतो, लेख लिहिला नसता.) सात फूट उंच, तीन फूट रुंद, चौदा इंच खोल. एमडीएफची बॉडी, वर आरशासारखं पीयू फिनिश, खाली सोनेरी निमुळते पाय, पुढे दोन लांबलचक काचेची दारं. टॅगवर लिहिलं होतं 'लक्झरी डिस्प्ले युनिट'. किंमत ७८,००० रुपये, बारा हप्त्यांत.

वर्षभर ती दिमाखात उभी होती. आत बाबांच्या निरोप समारंभाचं मानचिन्ह, ताईच्या वक्तृत्वाच्या ढाली, आईचा आजवर एकदाही न वापरलेला डिनर सेट, आमच्या आरमोरीच्या टसरची घडी न मोडलेली शाल आणि माझ्या पहिल्या कंपनीने दिलेला तो काचेचा ठोकळा, ज्याचा उपयोग अजून कुणालाच कळलेला नाही.

दिवाळीआधीचा रविवार. साफसफाई. ताई वडशाला असते, तिने तिच्या तीन वर्षांच्या चिऊला आजीकडे सोडलं होतं. आईने शोकेस पूर्ण रिकामी केली. आतल्या काचेच्या फळ्यासुद्धा काढून धुवायला नेल्या. मग दोन्ही दारं सताड उघडून आतून काच पुसायला घेतली. आणि शोकेस पुढे आली.

एवढंच. आवाज नाही, डुगडुगणं नाही. झाड पडावं तशी सरळ पुढे आली. समोर दिवाण होता, त्यावर ती अडकली आणि तिरकी थांबली. त्या तिरक्या सांदीत, जमिनीवर, चिऊ ढाली मांडत बसली होती. दारं फुटली, काचेचे दाणे तिच्या केसांत, कानामागे दोन ओरखडे. बाकी काही नाही. आईने अडवायला हात वर केला, तिचं मनगट मोडलं. दिवाण दोन हात अलीकडे-पलीकडे असता, किंवा फळ्या आतच असत्या, तर... असो. तो 'तर' मी रोज रात्री पूर्ण करतो, इथे करत नाही.

आई फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती. "मी त नुसतं फडकं फिरवलं रे बापा, ओढलंबिढलं काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी मी शोरूमला फोन लावला. तिकडचा मुलगा अत्यंत नम्र. म्हणाला, "सर, दोन्ही दारं एकाच वेळी उघडायची नसतात. आणि रिकामं करताना खाली वजन ठेवायचं असतं. ही यूजर मिस्टेक आहे."

यूजर मिस्टेक! मी सात वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय, हे वाक्य मी स्वतः हजार वेळा उच्चारलंय, त्यामुळे त्याचा खरा अर्थ मला पक्का माहीत आहे. अर्थ असा की आम्ही ही केस टेस्टच केलेली नाही.

इकडे घरात मोठे बाबा येऊन बसलेले. त्यांचं निदान तयारच. "म्हणून म्हणत होतो, सागाचं कर. साग असता त पडला असता काय?"

म्हणजे बघा, दोन पक्ष झाले. शोरूम म्हणतं वापरणारा चुकला. मोठे बाबा म्हणतात लाकूड चुकलं. माझं म्हणणं आहे की दोघंही चुकीचे आहेत, आणि दोघांचीही चूक महाग पडते. कपाट पडतं ते त्याच्या आकारामुळे आणि ते भिंतीला न पकडल्यामुळे. नशिबाने नाही, लाकडाने नाही, बाईमाणसाच्या वेंधळेपणाने तर नाहीच नाही.

आता थोडं गणित. मी डिग्रीने मेकॅनिकल इंजिनिअर आहे, पोटासाठी जावा लिहितो. (आमच्या बॅचमधले बहुतेक सगळे असेच.) पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स नावाचा विषय असतो, त्यातलं तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचं गणित आहे हे. आठवीतलं पोरगंही करेल. कंटाळा येत असेल तर हे तीन परिच्छेद ओलांडा, पण मग शोकेसही घेऊ नका :-)

काचेचं वजन काढणं सोपं असतं. एक चौरस मीटर काच, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. आमच्या दाराची काच ६ मिलिमीटरची, दीड फूट बाय सहा फूट, म्हणजे एकेक दार साधारण १२ किलो. दोन दारं २४ किलो. बाकीचा सांगाडा सुमारे ३६ किलो. कपाट पुढे पडताना पुढच्या पायांच्या टोकावर फिरतं. सांगाड्याचं वजन त्या टोकाच्या मागे मधोमध, म्हणजे ७ इंचांवर. ३६ गुणिले ७, २५२ किलो-इंच. हा कपाटाला मागे धरून ठेवणारा जोर. दारं बंद असतात तेव्हा त्यांचं वजन बरोबर टोकावर, ते ना पुढे ओढत ना मागे. म्हणजे तीन फूट उंचीवर कुणी ७ किलोच्या जोराने ओढलं तर कपाट उलटायला लागेल. फार नाही, पण चालून जातं.

आता दारं उघडा. प्रत्येक दार दीड फूट रुंद, त्याचं वजन टोकाच्या पुढे ९ इंचांवर गेलं. २४ गुणिले ९, २१६. मागे धरणारे २५२, पुढे ओढणारे २१६, उरले ३६ किलो-इंच. तीन फूट उंचीवर एक किलोचा ओढा आणि खेळ खलास. एक किलो! साखरेची एक पिशवी. आणि हे पाय अगदी कडेला असतील तर. आमच्या शोकेसचे सोनेरी पाय निमुळते, 'एलिगंट' दिसावेत म्हणून अर्धा इंच आत घेतलेले. तेवढ्याने टोक अर्धा इंच मागे सरकलं. मागे धरणारे झाले २३४, पुढे ओढणारे २२८. शिल्लक ६. तीन फुटांवर जेमतेम १७० ग्रॅम. आईच्या हातातल्या ओल्या फडक्याचा जोर याहून जास्त असतो. ती खरंच बोलत होती हो, नुसतं फडकंच फिरवलं होतं तिने.

मग वर्षभर का नाही पडली? कारण आत सामान होतं. पंचवीसेक किलो सामान आत असलं की शिल्लक ६ वरून १६० च्या वर जाते. सामानाने कपाटाला धरून ठेवलं होतं, कपाटाने सामानाला नाही. आणि पाय दोन इंच आत असते, जसे हल्ली कित्येक कॅटलॉगमध्ये दिसतात, तर रिकामं कपाट दारं उघडताच आपलं आपण पडलं असतं. फरशी पुढे पाव इंच उतरती असती तरी तेच. चौदा इंचांत पाव इंच म्हणजे एक अंशाचा उतार, पण सात फुटांवर कपाटाचा माथा त्याने दीड इंच पुढे येतो. फरशी लावणाऱ्या माणसाला पाव इंच म्हणजे कामाचा भाग वाटतो. शोरूमवाला टेबलासारख्या सपाट जमिनीवर माल उभा करून दाखवतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला नल केस म्हणतो. भरलेल्या डेटावर सगळं छान चालतं, रिकामा रेकॉर्ड आला की प्रोग्राम कोसळतो. शिकाऊ पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगतात की बाबा रे, रिकामं असेल तर काय होईल ते आधी तपास. आणि मराठी घरातली शोकेस वर्षातून एकदा तरी पूर्ण रिकामी होणारच, दोन्ही दारं उघडी टाकून पुसली जाणारच. दिवाळी दरवर्षी येते, ही काही दुर्मीळ घटना नव्हे. ज्या डिझायनरला हे ठाऊक नाही त्याने भारतीय हॉलसाठी कपाट काढू नये. आणि ज्याला ठाऊक असूनही त्याने काढलं, त्याच्याबद्दल न बोललेलं बरं.

आता मोठ्या बाबांकडे वळू. त्यांच्या बोलण्यात गोडवा आहे, कारण साग हा आमच्या भागाचा अभिमान. खाली आल्लापल्लीला जुन्या, उंचच उंच सागवानांचं जंगल आहे. 'आल्लापल्लीचं वनवैभव' म्हणून २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ च्या मार्चमध्ये आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या डेपोतून सागवान गेलं, तेव्हा मिरवणूक निघाली होती. देशातल्या मोठमोठ्या दारांना आमचं लाकूड लागतं आणि आम्ही मात्र हप्त्यावर भुसा आणि डिंक विकत घेतो, हा टोमणा मोठे बाबा मला मरेपर्यंत मारणार. मारू देत, त्यात तथ्य आहे. सागात स्क्रू घट्ट बसतो, उधई सहजासहजी लागत नाही, आमच्याकडचा पावसाळा आणि आमच्याकडचा उन्हाळा (नदीपलीकडच्या ब्रह्मपुरीचं नाव दर मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत येतं) तो सहन करतो. एमडीएफच्या कडेत बिजागरीचा स्क्रू एकदा सैल झाला की झाला.

पण पडण्याचं काय? साग एमडीएफपेक्षा हलका असतो. घनमीटरला साग साधारण ६५० किलो, एमडीएफ ७५० च्या आसपास. हीच शोकेस, हीच मापं, फक्त सागात केली असती तर सांगाडा ३६ ऐवजी ३१ किलोच्या आसपास भरला असता. ३१ गुणिले साडेसहा, २०१. पुढे ओढणारे तेच २२८. म्हणजे सागाची शोकेस फडक्याचीही वाट न बघता पडली असती! मोठ्या बाबांना हे वहीवर करून दाखवलं. ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुझं गणित बरोबर असंल, पण साग तो सागच." बरं.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुना समज आहे. जड म्हणजे मजबूत, जाड म्हणजे पक्कं. शोरूममध्ये मला कपाटाला खांदा लावायला सांगितलं होतं. "बघा सर, हलतंय का?" नाही हललं. मी खूश. (चार वर्षं मेकॅनिकल शिकलेला माणूस, बंद दाराच्या, सामानाने भरलेल्या कपाटाला बाजूने ढकलतो आणि खूश होतो. डिग्री परत घ्या माझी.) या समजाची किंमत महाराष्ट्राने याआधी फार मोठी मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तिथली घरं काही पातळ भिंतींची नव्हती. दीड-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. दिसायला किल्ला. पण दगड नुसत्या मातीत बसवलेले, भिंतीचे आतले आणि बाहेरचे दोन थर एकमेकांना आरपार दगडाने बांधलेले नाहीत, आणि डोक्यावर टनावारी ओझं. हजारो माणसं त्या वजनाखाली गेली. वजन वर, पकड कच्ची. शोकेस आणि घराची तुलना मी करत नाहीये, दुःखाची तर मुळीच नाही. पण चूक त्याच जातीची आहे. वजनाला आपण आधार समजतो. वजन कुठे आहे आणि कशाला बांधलंय हे आपण विचारत नाही.

गंमत म्हणजे आमच्या पाडलेल्या जुन्या घरात याचं उत्तर होतं. भिंतीतली आलमारी. दोन फुटी मातीच्या भिंतीत ठेवलेली पोकळी, तिला लाकडी चौकट, आत दोन फळ्या, पुढे झडपा. तुमच्याकडे कोनाडे असतील, फडताळ असेल. आमच्या आजीचं पितळी सामान, फोटो, आरसा सगळं त्यात मांडलेलं असायचं. तीही शोकेसच होती की! ती पडणार कशी? तीच भिंत होती. मी जुन्याचे गोडवे गात नाहीये, त्या भिंतींत उंदीर होते, ओल होती, पावसाळ्यात एक कोपरा दरवर्षी खचायचा. पण घर स्लॅबचं केलं तेव्हा भिंती सहा इंचांच्या झाल्या आणि आलमारी भिंतीतून सुटून हॉलमध्ये चालत आली. चालत आली ती पाय लावून, एकटीच, कशालाही न धरता. हा बदल आपल्या कुणाच्या लक्षातच आला नाही.

बाहेरच्या जगाने हे शिकायला काय किंमत दिली तेही बघा. २०१६ च्या जूनमध्ये आयकिया कंपनीला एकट्या अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलवावी लागली, कारण ती पुढे पडून लहान मुलं दगावली होती. त्या कपाटांसोबत भिंतीला पकडायची पट्टी दिलेली असायची. कंपनीचं म्हणणं होतं, आम्ही पट्टी दिली, सूचना लिहिली, लोकांनी लावली नाही. ओळखीचं वाटतंय ना? यूजर मिस्टेक. पुढे २०२० मध्ये अशाच एका कपाटाखाली गेलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना कंपनीने ४ कोटी ६० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. मग मुलं गमावलेल्या आईबापांनीच पाठपुरावा करून कायदा करायला लावला, तो डिसेंबर २०२२ मध्ये झाला. २०२३ पासून तिथे कपड्यांच्या कपाटांची टेस्ट अशी होते: एकापेक्षा जास्त ड्रॉवर उघडे, खाली गालिचा असल्यासारखा तिरकेपणा, आणि वर लोंबकळणाऱ्या मुलाचं वजन. म्हणजे घरात खरोखर जसं घडतं तसंच. पण तो नियमही कपडे ठेवायच्या कपाटांपुरता आहे, काचेच्या शोकेसला लागू नाही. काचेची दारं आणि एलईडी असलं की कपाट जणू फर्निचर राहत नाही, कलाकृती होते.

आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये साठवणुकीच्या फर्निचरसाठी मानक काढलं, आयएस १७६३४. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला. चांगलं आहे. पण मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी शोरूममध्ये उभं राहून हा आकडा उच्चारलाय? टीव्ही घेताना आपण रिफ्रेश रेट विचारतो, मोबाइल घेताना प्रोसेसरचं नाव विचारतो, गाडी घेताना एअरबॅग मोजतो. साठ किलोची काच आणि भुसा पोरांच्या डोक्यावर उभा करताना फक्त विचारतो, "यात वॉलनट शेड आहे का?" मीही तेवढंच विचारलं होतं. म्हणून या लेखातला पहिला आरोपी मीच आहे, हे लिहून ठेवतो.

आता तुमचे आक्षेप. मित्रांशी बोलताना चार ऐकले, त्यांची उत्तरं देतो.

"भिंतीला पट्टी मारली तर लुक जातो." सात फूट उंचीवर, कपाटाच्या डोक्यावर, भिंतीच्या बाजूला असलेली दोन इंचांची पट्टी कोण बघतं? तुमच्या घरी जिराफ येतात का?

"पट्टी एवढं वजन पेलेल का?" पेलायचंच नसतं. वजन पायांवरच असतं, पट्टी फक्त माथा धरून ठेवते, आणि सात फुटांवर धरायला फार थोडा जोर लागतो. पंधरा किलोचं मूल उघड्या दाराच्या टोकाला लोंबकळलं तरी हिशोबाने पट्टीवर येणारा ओढा सव्वातीन किलोचा. हिसका बसला म्हणून दुप्पट-तिप्पट धरा, तरी दहा किलो. दोन एल-पट्ट्या, चार स्क्रू, चार प्लग, सगळं मिळून शंभर-दीडशे रुपये. ७८,००० च्या वस्तूत हे दीडशे रुपये बसत नाहीत? बसतात. दाखवायचे नसतात. कारण पट्टी दाखवली की गिऱ्हाईक विचारणार, "का हो, हे पडतं का?"

"आम्ही भाड्याच्या घरात, घरमालक भोक पाडू देत नाही." हा खरा प्रश्न आहे, पुण्यात मी स्वतः भाडेकरू आहे. घर सोडताना दोन भोकं पांढऱ्या सिमेंटने दहा मिनिटांत बुजतात, डिपॉझिटमधून कापले तर कापू देत. तेही शक्य नसेल तर उंच शोकेस घेऊ नका. कमरेएवढी, रुंद आणि खोल घ्या. आणि नव्या टॉवरमध्ये राहत असाल तर भिंत हलक्या एएसी ब्लॉकची आहे का ते विचारा, त्यात साधा प्लग नीट धरत नाही, त्याच्यासाठी वेगळे मिळतात.

"आमच्याकडे दहा वर्षं उभी आहे, काही झालं नाही." आमच्याकडेही एक वर्ष काही झालं नव्हतं.

काचेचंही सांगून टाकतो. आमची दारं टफन्ड काचेची होती, म्हणून फुटल्यावर दाणे झाले आणि चिऊचं ओरखड्यांवर भागलं. पण धुवायला काढलेल्या फळ्या पाहिल्या तर साधी काच! ती फुटली की सुरे होतात. दारं दिसतात म्हणून त्यांना चांगली काच, फळ्या मानचिन्हांखाली झाकलेल्या म्हणून त्यांना साधी. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात बहुधा छोटा शिक्का असतो, तो शोधा. नसेल तर दुकानदाराला लेखी मागा. आणि फळीची लांबी बघा. तेवढंच दाटीने सामान मांडलं तर फळीची लांबी दुप्पट झाल्यावर वाक सोळापट होतो. तीन फुटी काचेच्या फळीला मध्ये आधार नसेल तर त्यावर शाल ठेवा, पितळी गणपती नको.

तर पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलात की माझ्यासाठी एवढं करा. सेल्समनला म्हणा, हे कपाट रिकामं करा. मग म्हणा, दोन्ही दारं पूर्ण उघडा. मग स्वतः बाजूला उभे राहून, त्याच्या परवानगीने, दाराच्या टोकावर दोन बोटं टेकवा आणि हलकेच खाली दाबा. तो तुमचा हात धरायला धावला, तर त्याला सगळं माहीत आहे असं समजा आणि नमस्कार करून बाहेर पडा. नाही धावला, तर भिंतीची पट्टी कुठे आहे आणि ती तुमचाच माणूस बसवून देणार का, हे विचारा. बिलावर लिहून घ्या.

आणि आपल्यात कुणी फर्निचरच्या कंपन्यांसाठी डिझाइन करत असेल, वेबसाइट करत असेल, कॅटलॉग लिहीत असेल (आहेत, मला माहीत आहेत), तर त्यांना विनंती नाही, सरळ भांडण आहे. लक्झरी या शब्दाचा अर्थ आधी ठरवा. ज्या वस्तूपासून तीन वर्षांच्या पोरीला लांब ठेवावं लागतं, जिला पुसायचे नियम पाळावे लागतात, जी फडक्याच्या वजनाने कोसळते, ती वस्तू गरीब आहे. तिला स्वतःच्या पायावर उभं राहायची ऐपत नाही.

आमच्या घरी आता दुसरी शोकेस आहे. गावातल्याच मिस्त्रींनी केली. साडेचार फूट उंच, दीड फूट खोल, आणि हो, सागाची (मोठे बाबा जिंकले). मी लॅपटॉपवर ड्रॉइंग वगैरे काढून ठेवलं होतं. मिस्त्रींनी ते नीट बघितलं, बाजूला ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, भिंतीले कुठं पकडू?" ७८,००० च्या दुकानात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी ओळंबा सोडून फरशीचा उतार बघितला, पायाखाली पाचर मारली. दारं तर बिजागरीची ठेवलीच नाहीत, सरकत्या काचा बसवल्या, किराणा दुकानात असायच्या तशा. का, म्हणून विचारलं. म्हणाले, "काच आपल्या जागेवरच सरकते न, बाहेर येतच नाही." माझ्या वहीतल्या तीन परिच्छेदांचं उत्तर त्यांनी एका वाक्यात दिलं.

असो. बरंच लांबलं. आईचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघतंय. चिऊ नव्या शोकेसची काच दिवसभर इकडून तिकडे सरकवत बसते, आणि तिला कुणी रागावत नाही.

आज शनिवार आहे. घरातल्या उंच कपाटाच्या मागे हात घालून बघा, भिंतीला धरलंय का. नसेल तर हार्डवेअरचं दुकान संध्याकाळपर्यंत उघडं असतं. भेटू पुढच्या शनिवारी.